चूलबंद आवतण

लेकीच्या लग्नाच्या पत्रिका छापून आल्या त्या दिवसापासून माझं बूड एका जागी टेकेना. बायको म्हणाली, "अहो, लग्न तिचं आहे, परीक्षा तुमची नाही. बसा जरा." पण बसलो की उठावंसं वाटायचं, उठलो की गॅलरीत जावंसं वाटायचं, आणि गॅलरीत गेलो की समोर विरारच्या मनवेलपाड्याच्या बिल्डिंगा. त्यांच्यामागे आणखी बिल्डिंगा, आणि मधल्या फटीत एक नवीन, अजून बांबूंच्या परांचीत उभी. दिवेलागणीला एकेक खिडकी उजळत जाते. एवढी माणसं! आणि मला आमच्या खालच्या मजल्यावरच्या चार घरांपैकी तीन घरांची नावं सांगता येत नाहीत.

सोसायटीच्या ग्रुपवर पत्रिका टाकली. एकदा बोट दाबलं, सगळ्या विंगांना आमंत्रण गेलं. अंगठे आले, जोडलेले हात आले, एकाने वाढदिवसाचा केक पाठवला. केटरर रोज फोन करून विचारत होता, "काका, काउंट सांगा." काउंट! कपाळ माझं. कोण येणार, कोण नुसताच अंगठा दाखवून गप्प बसणार, मला काय ठाऊक? आमच्या गावी, वसईजवळच्या गिरीजला, हा प्रश्नच नव्हता. तिथे आवतण देता देताच माणसं मोजून व्हायची.

गावाला आवतण तोंडी असे. छापील पत्रिका एक देवापुढे ठेवायला आणि पाच-दहा मुंबईच्या पाहुण्यांना, संपलं. घरातल्या एकाने सकाळी आंघोळ करून, कपाळाला कुंकू लावून निघायचं. प्रत्येक अंगणात उभं राहायचं, आत शिरायचं नाही, पाणीसुद्धा घ्यायचं नाही, कारण एकाकडे घेतलं की सगळ्यांकडे घ्यावं लागतं. आणि मोठ्याने सांगायचं. सांगायचे प्रकार दोन. "घरटी एक" म्हणजे त्या घरातून एका माणसाने जेवायला यायचं. "चूलबंद" म्हणजे त्या घराची चूल त्या दिवशी पेटायचीच नाही. त्या चुलीवर जो जो जेवतो तो प्रत्येक जण, खाटेवरची म्हातारी, पाळण्यातलं पोर, वाडीत कामाला असलेला गडी, सगळे लग्नघरी जेवणार. लांबच्या घरांना घरटी एक. भावकीला, आणि ज्यांच्याशी आपली विहीर एक आहे त्यांना, चूलबंद. आई तांदूळ निवडता निवडता हे सगळं पाठ करून घ्यायची, आणि एक घर चुकलं की पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लावायची.

आणि तरी मी चुकलो. ताईच्या लग्नात, माझ्या सतराव्या वर्षी, ताराकाकीच्या अंगणात.

ताराकाकी म्हणजे आमच्या कुंपणापलीकडची. कुंपण म्हणायचं आपलं, अडुळशाची चार झुडपं होती, आणि त्यांच्यामधून दोन्ही घरच्या बायकांनी जाऊन जाऊन वाट पाडली होती. विहीर एक, तिच्यावरचा रहाट एक. सकाळचं पाणी आमच्या वाडीला, दुपारनंतरचं दामूकाकांच्या. दामूकाका म्हणजे काकीचा नवरा, बोलायला कमी आणि शब्दाला पक्का. रहाटाचा बैल डोळ्यांवर झापड बांधून गोल गोल फिरायचा आणि रहाट असा काही कुरकुरायचा की पाहुण्यांना झोप यायची नाही. आम्हाला मात्र तो थांबला की जाग यायची. पाटाचं पाणी केळीच्या बुंध्याशी पोचलं की आधी तापलेल्या मातीचा वास, मग केळीच्या चिकाचा, मग पानवेलींच्या गारव्याचा. आज ह्या गॅलरीत कुंडीला पाणी घालतो तेव्हा मी वाकून नाक खाली नेतो. बायको हसते. वास येत नाही तो नाहीच.

चैत्रात मोगरा. पहाटे टोपल्या कमरेला बांधून सगळं घर वाडीत, कळी उमलायच्या आत खुडायची. आई आणि ताराकाकी दोन वाफ्यांत पाठीला पाठ लावून खुडायच्या आणि हलक्या आवाजात सतत बोलायच्या. काय बोलायच्या कोण जाणे, पण मध्येच एकदम हसू फुटायचं आणि दामूकाका लांबून खाकरायचे. वैशाखात बावखल उपसायचं. बावखल म्हणजे वाडीतलं डबकंवजा तळं, पावसाचं पाणी मुरवणारं. दोन्ही घरची माणसं गुडघाभर चिखलात उतरून गाळ काढायची आणि तो काळा गाळ नारळांच्या मुळाशी घालायची. पावसाळ्यात त्याच बावखलात बेडूक इतके ओरडायचे की जेवताना मोठ्याने बोलावं लागायचं.

पण आईचा आणि काकीचा खरा ऋतू म्हणजे सुकेळी. थंडी पडू लागली की पिकलेली राजेळी केळी सोलून ऊन दाखवायची, रोज मांडायची, रोज आवरायची. पाचव्या-सहाव्या दिवशी त्यांना मधासारखा रंग चढायचा आणि दोन्ही अंगणांत गोड, किंचित आंबूस वास दाटून राहायचा. मग दोघी समोरासमोर बसून ती केळीच्या सुक्या सोपटात गुंडाळायच्या. आई म्हणायची, "तारा, तुझ्या हाताला गाठ छान बसते." काकी म्हणायची, "मग तू नुसती बोल, मी बांधते." आणि तसंच व्हायचं. सख्ख्या बहिणी इतकं एकमेकींचं ऐकत नाहीत.

तर ताईचं लग्न. आवतण द्यायला मी निघालो खरा, पण माझं चित्त ठिकाणावर नव्हतं. विरारला लिफ्टची बिल्डिंग झाली होती. पहिलीच, असं मित्र म्हणत होते. वॉचमन ओळखीचा, एकदा वर नेऊन आणणार होता. मित्र सायकल घेऊन चिंचेखाली माझी वाट बघत उभा. मला गाव पुरत नव्हतं त्या दिवसांत. त्याच त्या चौदा उंबऱ्यांचा कंटाळा आला होता. वाटायचं, जिथे कोणी आपल्याला "कुणाचा रे तू?" विचारणार नाही अशा ठिकाणी राहावं. देवाने ऐकलं बरं का, अगदी नीट ऐकलं.

पलीकडच्या आळीपासून सुरुवात केली. घरटी एक, घरटी एक, घरटी एक, पळत पळत. तिकडून परत वळलो की पहिलं घर काकीचं. अंगणात दामूकाका कोयत्याला धार लावत होते. मी उभासुद्धा राहिलो नाही. चालता चालताच म्हणालो, "काका, परवा ताईच्या लग्नाला, घरटी एक." त्यांनी मान वर केली. कोयता तसाच हातात. म्हणाले, "बरं."

चिंचेपर्यंत पोचलो आणि लक्षात आलं. खोटं कशाला सांगू, तिथेच लक्षात आलं. पन्नास पावलं मागे जायची होती. "काका, चुकलो, चूलबंद," एवढंच म्हणायचं होतं. मित्राने घंटी वाजवली. मी सायकलवर बसलो. लिफ्टमधून चौथ्या मजल्यावर गेलो, वरून भातशेतं बघितली आणि घरी आलो. आईने विचारलं, "ताराकडे चूलबंद सांगितलंस ना रे?"

मी म्हणालो, "हो."

लग्नाला दामूकाका आले. एकटे. धुतलेलं धोतर, खांद्यावर उपरणं. पंगतीला बसले, जेवले, ताईच्या हातात आहेर दिला आणि कुणाशी न बोलता निघून गेले. त्यांच्या घराच्या कौलांतून धूर निघत होता. चूल पेटली होती. आईने मांडवातून तो धूर बघितला आणि तिचा चेहरा कसा झाला ते मी बघितलं. संध्याकाळी तिने काकीकडे लाडवांचं ताट पाठवलं, ते तसंच झाकलेलं परत आलं.

तुम्ही म्हणाल, दोघींपैकी एकीने विचारायचं होतं. कशी विचारणार? आवतणाबद्दल विचारत नसतात. "आम्हाला सगळ्यांना का नाही बोलावलं?" म्हणणं म्हणजे तोंडाने जेवण मागणं. काकी मेली असती पण तिने विचारलं नसतं. आणि आई म्हणायची, "मी चूलबंद धाडलं, ती आली नाही. आता मी कुठल्या तोंडाने जाऊ?" दोघीही आपापल्या जागी बरोबर. चुकीचा मी एकटा, आणि मी गप्प. रोज ठरवायचो आज सांगू. मग अडुळशाची वाट बुजली, त्या थंडीत सुकेळी दोन अंगणांत वेगवेगळी वाळली, आणि सांगायचं राहून गेलं ते राहूनच गेलं. पुढे रहाट गेला, पंप आले. माझी नोकरी, लग्न, मनवेलपाड्याचा फ्लॅट. आई गेली तेव्हा काकी अंगणाच्या कडेला उभी होती, आत आली नाही. दामूकाका गेले तेव्हा मी स्मशानातूनच परतलो. नामर्द कुठला.

लेकीची हळद आठवड्यावर आली तेव्हा मात्र मी स्कूटरला किक मारली. बायकोला सांगितलं, गावात आवतण देऊन येतो. ती म्हणाली, "फोन करा की." मी म्हणालो, काही आवतणं फोनवर देत नसतात. मनात दोन गोष्टी पक्क्या होत्या. काकीला चूलबंद सांगायचं, आणि खरं काय झालं होतं तेही सांगायचं.

अरे, पण आळीत आवतण द्यायला माणूस कुठे होतं? पहिल्या घराला कुलूप, पोरं दुबईला. दुसऱ्याच्या जागी खांब उभे, वर सळया. तिसऱ्या घरात एक म्हातारे, त्यांना ऐकू येत नाही. मी ओरडून सांगितलं, तर ते म्हणाले, "वीज बिल? मुलगा भरतो." चौथ्या अंगणात जुन्या सवयीने हाक मारून उभा राहिलो. आतून कुणी येईना, आणि तिथून निघवेना. बावखलावर भराव पडलाय, त्यावर गाड्या उभ्या असतात. विरारला माणसाला माणूस चिकटलंय आणि इथे हाकेला ओ नाही. मी तरी काय तोंडाने बोलतोय म्हणा, ओ न देणाऱ्यांतला मीच पहिला.

काकीच्या अंगणात मात्र शेणसडा होता. मागच्या बाजूला पत्र्याच्या खोल्या काढलेल्या, दोरीवर रंगीबेरंगी कपडे. चुलीवर हे एवढं मोठं पातेलं. काकी ओट्यावर बसून शेवग्याच्या शेंगा तोडत होती. केस पार पांढरे, हात मात्र तेच.

"कोन?" तिने डोळ्यांवर हात धरला.

"काकी, मी."

तिने ओळखलं. शेंगा तोडायची थांबली नाही. "बस. पानी घेतोस?"

"आवतण द्यायला आलोय. पाणी कसं घेऊ?"

तेव्हा ती जराशी हसली. मुलगा कॅनडात, मुलगी बेंगळुरूला, दोघंही बोलवतात, पण तिथे कोणाशी बोलायचं, हे तिने आपणहून सांगितलं. मग म्हणाली, "हं, दे आवतन."

मी उभा राहिलो. ह्या वेळी दोन्ही पाय जमिनीला टेकवून नीट उभा राहिलो. "काकी, रविवारी माझ्या लेकीच्या लग्नाला चूलबंद यायचं."

काकीने शेंग खाली ठेवली. "काय म्हनलास?"

"चूलबंद."

"विचार करून बोल हां. घरटी एक सांग, मी एकटी येते. मला चालेल. आमाला सवय हाय."

खरं सांगायची हीच वेळ होती. पण तेवढ्यात मागच्या खोलीतून कुकरची शिट्टी झाली, काकी "आले गो" म्हणत उठली, आणि मी, वय वर्षं पंचावन्न, "चूलबंद म्हणजे चूलबंद, काकी" असं म्हणून स्कूटरकडे वळलो. रस्ताभर मी स्वतःला शिव्या घातल्या. घरी बायकोला म्हणालो, गावची एकच वाढली, काकी. आता तिच्या घरात दुसरं आहे कोण? चूलबंद काय न् घरटी एक काय, सारखंच.

रविवारी हॉलच्या दारात मी हातात अक्षता घेऊन उभा. ताई शेजारी. भटजी आत बोलवत होते, मला आत जाववेना. प्रत्येक रिक्षा थांबली की मी दोन पावलं पुढे. मुहूर्ताला लेकीच्या डोक्यावर अक्षता टाकल्या त्या कुठे पडल्या मला कळलं नाही, माझी मान दाराकडे. जेवणं सुरू झाली. काकी नाही. ताई म्हणाली, "आता कसली येतेय ती. तेव्हा नाही आली, आता येणार?" मी म्हणालो, "तू गप्प बस." बिचारीला उगाच बोललो.

मग टेम्पो आला.

टेम्पोतून आधी काकी उतरली, हिरवं नऊवारी, अंबाड्यात मोगऱ्याचा गजरा. तिच्यामागून दोन तरुण मुली, त्या वसईच्या दवाखान्यात नर्स आहेत, नंदुरबारकडच्या. मग जौनपूरचा प्लंबर, त्याची बायको, त्यांची दोन पोरं, इस्त्रीच्या कपड्यांत ताठरलेली. मग वाडीत काम करणारी जव्हारची सखू आणि तिचा नवरा, त्याच्या हातात केळीचा अख्खा घड. सगळे ओळीने काकीच्या मागे उभे राहिले.

"चूल विझवून आले," काकी म्हणाली. "मागच्या खोल्यांतले, वाडीतले, हे सगळे माझ्याच चुलीवर जेवतात. एकटीसाठी भात रांधायचा तर तांदूळ धुवायचा पन आळस येतो रे. म्हनून म्हनत होते, विचार करून बोल."

केटररचा माणूस माझ्याकडे बघत होता. ताईने माझ्या कानाशी येऊन विचारलं, "ही कोण माणसं?"

"गावातली," मी म्हणालो. "गिरीजची."

उभ्याने ताट धरून जेवायला काकीने साफ नकार दिला. "गुरं पन बसून रवंथ करतात," म्हणाली. मग आम्ही दोन टेबलं जोडली, खुर्च्या ओढल्या, नऊ जण बसवले. वाढणाऱ्या पोरांना बाजूला सारून मी स्वतः भात घेतला. प्लंबरच्या धाकट्याला जिलबी दिली, त्याने दुसरी मागितली. काकीच्या पानात भात वाढला, त्यावर वरण, त्यावर तूप. तिने पहिला घास कालवला आणि म्हणाली, "तुझ्या ताईच्या लग्नाला मी पोरांना न्हाऊ घालून, नवं लुगडं नेसून ओट्यावर बसले होते. वाटलं, चुकून झालं असेल, कोनी तरी धावत येईल. उन्हं वर येईस्तो बसले. मग पोरं भुकेने रडाय लागली. मग पेटवली चूल."

हातातलं भाताचं भांडं मी टेबलावर ठेवलं आणि तिच्या खुर्चीशी खाली बसलो, कोटाबिटाचा विचार न करता.

"काकी, आईने चूलबंदच सांगितलं होतं. मी घाईत घरटी एक म्हणालो. चिंचेशीच मला कळलं होतं, तरी मागे आलो नाही. आईला खोटं सांगितलं. ती शेवटपर्यंत समजत होती की तू रुसलीस."

काकीचा घास हातात तसाच. आता ती उठून जाणार, असं मला वाटलं, आणि गेली असती तर मी अडवलं नसतं. वाजंत्री वाजत होती, कोणी तरी फोटोसाठी मला हाका मारत होतं.

"म्हंजे तिने मला बोलावलं होतं," ती म्हणाली. मला नाही, समोरच्या पानाला.

"हो. सगळ्यांना."

तिचे डोळे भरून आले आणि गालांवरून वाहू लागले. हात खरकटा, पुसायचं कसं ते तिला सुचेना. शेजारच्या नर्सने आपल्या ओढणीने तिचा चेहरा पुसला. "काय झालं, काकी? काय म्हणाले हे?"

"काय नाय गो," काकी म्हणाली. "माझ्या मैतरनीचं आवतन आलंय. जेव तू." आणि तिने घास तोंडात घातला.